पशुरोगनिदानातील विश्वासार्हतेचा प्रश्न : पुणे-मुक्तेश्वर ते बुळकांडी निर्मूलन (१८८० ते २०११)

प्रस्तावना

भारतातील पशुवैद्यकाचा इतिहास बहुधा दोन अंगांनी लिहिला जातो. एक अंग संस्थांचे. कोणते महाविद्यालय कोणत्या साली निघाले, कोणाच्या देणगीतून इमारत उभी राहिली, याचा तपशील त्यात येतो. दुसरे अंग लसींचे. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या या रोगांवर कोणती लस केव्हा आली याची ती कालानुक्रमणिका असते. या दोहोंच्या मध्ये चाचणी हा तिसरा विषय मात्र राहून गेला आहे. आजारी जनावराच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन अमुक रोग आहे अथवा नाही असा निर्वाळा दिला जातो. त्या निर्वाळ्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवला गेला, हा प्रश्न इतिहासलेखनात दुय्यम मानला गेला. वस्तुतः लस टोचायची की नाही, जनावर मारायचे की राखायचे, बाजार बंद करायचा की चालू ठेवायचा, हे सारे निर्णय याच निर्वाळ्यावर उभे असतात.

चुकीच्या निर्वाळ्याची किंमत जनावराचा मालक मोजतो. रोग असताना ‘नाही’ असे उत्तर आले तर एका गोठ्यातील रोग गावभर पसरतो आणि रोग नसताना ‘आहे’ असे उत्तर आले तर टांगेवाल्याचा एकुलता एक घोडा कायद्याने मारला जातो. प्रस्तुत निबंधात सर्रा, ग्लँडर्स, बुळकांडी व बर्ड फ्लू या रोगांच्या निदानाचा मागोवा घेऊन, चाचणीची विश्वासार्हता भारतात कोणत्या मार्गाने घडत गेली याचा विचार केला आहे. बुळकांडीच्या निर्मूलनाला त्यात अधिक जागा दिली आहे, कारण संपूर्ण देशाने एका चाचणीवर आपले भवितव्य सोपविल्याचे तेवढे मोठे दुसरे उदाहरण नाही.

एकच जीव, तीन मते

इ. स. १८८० मध्ये पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे लष्कराच्या घोड्यांत व उंटांत ‘सर्रा’ नावाच्या रोगाची साथ होती. ताप, अशक्तपणा, पायांवर व पोटाखाली सूज आणि अखेर मृत्यू असे तिचे स्वरूप होते. चौकशीसाठी पाठविलेल्या ग्रिफिथ इव्हान्स यांनी आजारी जनावरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा तांबड्या पेशींमध्ये वळवळणारे सूक्ष्म जीव त्यांना आढळले. हे रक्त त्यांनी निरोगी जनावरांना टोचले. त्या जनावरांना तोच रोग झाला आणि त्यांच्या रक्तातही तेच जीव दिसले. आजच्या दृष्टीने हा पुरावा पुरेसा वाटतो. तत्कालीन अधिकाऱ्यांना तो पुरेसा वाटला नाही.

त्यांची शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. कलकत्त्यात काम करणाऱ्या टिमोथी लुईस यांनी १८७८ साली उंदरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते आणि ते उंदीर निरोगी होते. निरोगी प्राण्यात आढळणारा जीव रोगाचे कारण कसा ठरेल, असा तो युक्तिवाद होता. एका प्राण्यात निरुपद्रवी असलेला जीव आणि दुसऱ्या प्राण्यात मारक ठरणारा त्याचा भाऊबंद यांत फरक करण्याचे साधन त्या काळात उपलब्ध नव्हते. सूक्ष्मदर्शक ‘काय दिसते’ ते सांगत होता, ‘त्याचा अर्थ काय’ हे सांगत नव्हता.

पुढे १८८५ साली ब्रह्मदेशात वाहतुकीच्या खेचरांत हाच रोग आढळला. त्याची चौकशी जेम्स हेन्री स्टील यांनी केली. त्यांनाही रक्तात जीव दिसले, पण त्यांनी ते मळसूत्री जंतू, म्हणजे स्पायरोकीट मानले. माणसातील आवर्ती ज्वराचे कारण स्पायरोकीट आहे हे तेव्हा नुकतेच ज्ञात झाले होते व सर्ऱ्यातील तापही चढउतार करीत येत असे. त्यामुळे स्टील यांचा कल त्या बाजूला झुकणे स्वाभाविक होते. इव्हान्स यांच्या सन्मानार्थ त्यांनी त्या जीवाला ‘स्पायरोकीटा इव्हान्साय’ असे नाव दिले. क्रुकशँक यांनी १८८६ साली हा जीव शेपटीसारख्या तंतूने पोहणारा वेगळ्याच वर्गातील प्राणी असल्याचे दाखविले आणि १८८८ मध्ये बाल्बियानी यांनी त्याला ट्रिपॅनोसोमा या प्रजातीत घातले. वर्गीकरणाच्या संकेताप्रमाणे त्या जीवाच्या शास्त्रीय नावापुढे आजही स्टील यांचे नाव कंसात लिहिले जाते. प्रजाती चुकली तरी पहिले नामकरण त्यांचे, असा त्या कंसाचा अर्थ आहे.

हेच स्टील १८८६ मध्ये मुंबईत परळ येथे सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. बाई साकरबाई दिनशा पेटिट पशु रुग्णालयाच्या आवारात सुरू झालेल्या या महाविद्यालयातून पश्चिम भारतातील पशुवैद्यकांच्या पहिल्या पिढ्या बाहेर पडल्या. स्टील यांचे कर्तृत्व या एका चुकीने उणे होत नाही. मात्र एकच जीव तीन सक्षम निरीक्षकांना तीन प्रकारे दिसू शकतो, ही गोष्ट या प्रकरणातून स्पष्ट होते. निरीक्षकाचा अनुभव व प्रामाणिकपणा यांवर विसंबणारी चाचणी इथवरच पोहोचू शकत होती. इव्हान्स यांना शंभर वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांचे निधन १९३५ साली झाले आणि त्यांचे म्हणणे सर्वमान्य झालेले त्यांना पाहता आले. विज्ञानाच्या इतिहासात असे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला आले आहे.

पुण्याहून मुक्तेश्वरास

गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल कर्नल हॅलेन यांच्या अध्यक्षतेखाली १८७१ साली प्रसिद्ध झाला होता. बुळकांडीने होणाऱ्या हानीची व्याप्ती त्यातून सरकारपुढे आली. तथापि प्रयोगशाळा उभी राहण्यास आणखी अठरा वर्षे लागली. डिसेंबर १८८९ मध्ये पुण्यात कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली व आल्फ्रेड लिंगार्ड यांची तेथे नेमणूक झाली. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे हे मूळ. पुणेकरांना या संस्थेचा विसर पडला आहे, कारण ती येथे चारच वर्षे राहिली.

१८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. दाट वस्तीच्या शहरात अत्यंत सांसर्गिक रोगांचे जंतू बाळगणे धोक्याचे होते, हे त्याचे उघड कारण. सुमारे ७,५०० फूट उंचीवरील थंड हवा व एकांत हा त्या काळी उपलब्ध असलेला एकमेव ‘जैवसुरक्षा’ उपाय होता. १८९७ मध्ये प्लेगच्या निमित्ताने मुंबईत आलेले रॉबर्ट कॉख हे गाफकी व फायफर यांच्यासह मुक्तेश्वरास जाऊन आले. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवर त्यांनी काम केलेले होते.

मुक्तेश्वरच्या एकांताला दुसरी बाजूही होती. रोग मैदानात व प्रयोगशाळा डोंगरावर, अशी विभागणी झाली. नमुना तेथवर पोहोचेपर्यंत तो कुजत असे आणि उत्तर येईपर्यंत साथ ओसरलेली असे. १९१३ मध्ये बरेलीजवळ इज्जतनगर येथे उपकेंद्र निघाले तेव्हा हे अंतर काही प्रमाणात कमी झाले. १९३० च्या दशकात प्रांतोप्रांती रोग अन्वेषण अधिकारी नेमण्याची योजना आली आणि पशुरोगनिदानाचे काम प्रथमच प्रांतांच्या पातळीवर उतरले. महाराष्ट्रात पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभाग हा त्याच परंपरेतला. पश्चिम विभागीय पशुरोग निदान प्रयोगशाळेचे काम त्याच ठिकाणी चालते.

मुक्तेश्वरच्या कामातून हाती आलेला एक अनुभव मात्र चाचणीच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. डोंगरी गुरे बुळकांडीला फार लवकर बळी पडत, तर मैदानी गुरे त्याच रोगाशी बऱ्याच अंशी झुंज देत. त्यामुळे रोगप्रतिबंधक रक्तजलाची जी मात्रा मैदानात पुरत असे ती डोंगरी बैलाला अपुरी पडे. औषधाची ताकद मोजायची तर ती कोणत्या जनावरावर मोजली हे नोंदविणे आवश्यक ठरले. प्रमाणीकरणाची ही पहिली पायरी म्हणावी लागेल. बुळकांडीचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्यासारखा नाही, तो गाळणीतूनही पार होणारा विषाणू आहे, हे निकोल व आदिल बे यांनी १९०२ साली कॉन्स्टँटिनोपल येथे दाखविले. ज्याला पाहताच येत नाही त्याची ओळख पटविण्यासाठी जिवंत जनावर हेच प्रदीर्घ काळ चाचणीचे उपकरण राहिले.

कायद्याच्या हाती दिलेली चाचणी

१८९९ चा ग्लँडर्स व फार्सी कायदा हा भारतातील पशुरोगांविषयीच्या आरंभीच्या कायद्यांपैकी एक. या कायद्याने रोगग्रस्त ठरलेला घोडा नष्ट करण्याचा अधिकार शासनयंत्रणेला मिळाला. ग्लँडर्स घोड्यांकडून माणसालाही होतो व बहुधा प्राणघातक ठरतो, त्यामुळे कायद्याची कठोरता समजण्यासारखी आहे. मात्र अनेक घोडे दीर्घकाळ कोणतेही लक्षण न दाखविता हा रोग बाळगतात. अशा वरकरणी धडधाकट घोड्याला मारण्याचा आदेश केवळ चाचणीच्या बळावर द्यावा लागतो.

मॅलीन हे चाचणीद्रव्य १८९१ च्या सुमारास रशियात तयार झाले. त्याचा ०.१ मिलीलिटर इतका अंश घोड्याच्या खालच्या पापणीच्या त्वचेत टोचतात आणि २४ व ४८ तासांनी पाहणी करतात. पापणी सुजून डोळ्यातून पू वाहू लागला तर घोडा रोगी समजला जातो. ही चाचणी सोपी असून दवाखान्यात करता येते. परंतु एकदा मॅलीन टोचल्यावर निरोगी घोड्याच्या रक्तातही प्रतिद्रव्ये निर्माण होऊ शकतात व नंतरची रक्तचाचणी त्यामुळे दिशाभूल करते. दोन चाचण्यांचा क्रम उलटा झाला तर दोन्ही निरर्थक होतात, ही बाब केवळ पुस्तक वाचून तपासणीस जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

रक्तजलावरील कॉम्प्लिमेंट फिक्सेशन चाचणीतही एक अडचण आहे. गाढव, खेचर व गाभण घोडी यांचे रक्तजल पुष्कळदा चाचणीतील कॉम्प्लिमेंट या घटकालाच निकामी करते, आणि मग निष्कर्ष काढता येत नाही. वीटभट्टीवर राबणारे गाढव आणि ओझे वाहणारे खेचर यांच्यासाठीच ही चाचणी सर्वांत दुबळी ठरावी, हा योगायोग क्लेशकारक आहे. शर्यतीच्या घोड्याचा मालक पुन्हा तपासणीची मागणी करू शकतो. गाढवाच्या मालकाला अहवालाची प्रतही मिळेलच असे नाही.

२००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत ग्लँडर्स पुन्हा प्रकट झाला, तेव्हा मधल्या काळात हा रोग केवळ ग्रंथांत वाचलेल्या पिढीला त्याचे निदान करावे लागले. पुढे हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पुनर्संयोजित प्रथिनावर आधारलेली एलायझा चाचणी विकसित झाल्याने गाढव-खेचरांविषयीची अडचण बरीच दूर झाली. १८९९ चा कायदा २००९ मध्ये आलेल्या सांसर्गिक पशुरोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यात विलीन झाला. म्हणजे जवळपास ११० वर्षे कायदा तोच राहिला, आणि त्याच्या मुळाशी असलेली चाचणी मात्र अनेकदा बदलली.

दवाखान्यातील काच

प्रयोगशाळा कितीही प्रगत असली तरी तिचे काम तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सुरू होते. फाशी या रोगाचे उदाहरण घेता येईल. जनावर अचानक मरते, नाकातोंडातून काळसर रक्त येते आणि ते गोठत नाही. अशा जनावराचे शवविच्छेदन करू नये असा नियम आहे, कारण हवेच्या संपर्कात आलेला जंतू बीजाणू बनवतो व ते बीजाणू जमिनीत अनेक दशके टिकतात. म्हणून कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाठवितात. जॉन मॅकफेडियन यांनी १९०३ मध्ये दाखविले की जुन्या, मुरलेल्या मेथिलिन ब्लू रंगाने ही काच रंगविली असता निळ्या दंडाकार जंतूंभोवती गुलाबी-जांभळट कणीदार आवरण दिसते. रंग ताजा असेल तर ते दिसत नाही. रंग नैसर्गिक रीतीने मुरण्यास अनेक महिने लागतात.

या तपशिलाचे व्यावहारिक परिणाम दूरगामी आहेत. दवाखान्याला नवी बाटली पुरविली गेली व ती उघडून लगेच वापरली गेली, तर फाशीने मेलेल्या बैलाची काचही निर्दोष ठरू शकते. याउलट, उन्हाळ्यात मृत्यूनंतर बारा-पंधरा तासांनी घेतलेल्या काचेवर कुजण्याचे दंडाकार जंतू भरलेले असतात आणि घाईत तपासणारा त्यांनाच फाशीचे जंतू समजतो. दोन्ही चुकांत सूक्ष्मदर्शकाचा दोष नसतो. काचेवर जनावराचा क्रमांक व वेळ न लिहिणे, दोन गावांच्या काचा एकाच कागदात गुंडाळणे, रक्तजल वेगळे न करताच नळी उन्हातून एस.टी.ने पाठविणे, या गोष्टी प्रयोगशाळेच्या अहवालात कोठेच उमटत नाहीत. अहवालावर सही व शिक्का असतो, त्यामुळे तो खराच वाटतो.

बुळकांडी आणि तिचा जुळा

१९२० च्या दशकात मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून वारंवार संक्रमित करून गुरांसाठी सौम्य केला व त्यापासून लस तयार झाली. १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. साथी झपाट्याने कमी झाल्या, पण रोग समूळ गेला नाही. पुढे १९८३ मध्ये नेमलेल्या कृतिदलाने व १९९२ पासून युरोपीय समुदायाच्या साहाय्याने राबविलेल्या नव्या प्रकल्पाने कामाची दिशा बदलली. तोवर केनियात वॉल्टर प्लॉराइट यांनी पेशीसंवर्धनावर तयार केलेली अधिक सुरक्षित लस रूढ झालेली होती.

याच टप्प्यावर एक अनपेक्षित गुंतागुंत समोर आली. १९८७ मध्ये तामिळनाडूत शेळ्या-मेंढ्यांमध्ये बुळकांडीसारखा रोग आढळला. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात चट्टे, हगवण, अशी सारी लक्षणे जुळत होती. तपासणीअंती तो पीपीआर या वेगळ्या विषाणूचा रोग ठरला. हा रोग १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे प्रथम वर्णिला गेला होता आणि भारतात तो नाही असे तोवर समजले जात होते. ‘नाही’ असे समजण्याचे एक कारण चाचणीतच दडलेले होते. त्या काळी सर्वत्र वापरली जाणारी आगर-जेल चाचणी स्वस्त व सोपी होती, पण बुळकांडी व पीपीआर हे विषाणू परस्परांचे इतके जवळचे नातलग आहेत की ती चाचणी दोघांनाही एकच रेषा दाखवीत असे. शेळीचा नमुना आला, रेषा उमटली, वहीत ‘बुळकांडी’ अशी नोंद झाली. त्याआधीच्या दशकांत शेळ्या-मेंढ्यांतील बुळकांडी म्हणून नोंदल्या गेलेल्या साथींपैकी काही बहुधा पीपीआरच्या असाव्यात असे मानण्यास जागा आहे.

निर्मूलनाच्या दृष्टीने हा केवळ नामकरणाचा प्रश्न नव्हता. शेळ्यांत बुळकांडी टिकून आहे असे ठरले असते तर गुरांतील लसीकरण कधीच थांबविता आले नसते. विशिष्ट प्रथिनावरच बसणाऱ्या एकजिनसी प्रतिद्रव्यांवर आधारित एलायझा चाचण्या आल्या, तेव्हा या दोन रोगांना वेगळे करणे नित्याच्या कामात शक्य झाले. पुढे अशा चाचण्या मुक्तेश्वर येथेही विकसित झाल्या. एका शतकापूर्वी इव्हान्स व लुईस यांच्यात जो वाद होता त्याच जातीचा हा प्रश्न होता. या वेळी त्याचे उत्तर देणारे साधन हाती होते.

लस थांबविण्याचे धाडस

जागतिक पशुआरोग्य संघटनेने १९८९ मध्ये बुळकांडीमुक्तीचा एक टप्पेवार मार्ग आखला. आधी लसीकरण थांबवायचे, मग रोग नाही हे जाहीर करायचे आणि त्यानंतर जनावरांच्या रक्तजलाच्या सर्वेक्षणातून संसर्गही नाही हे सिद्ध करायचे. लस आधी का थांबवायची, याचे कारण चाचणीत आहे. लसीमुळे निर्माण झालेली प्रतिद्रव्ये व रोगामुळे निर्माण झालेली प्रतिद्रव्ये यांत त्या चाचणीला फरक कळत नव्हता. लसीकरण चालू असेपर्यंत प्रत्येक होकारार्थी नमुन्याला लसीचा आडोसा मिळत होता. शेतकऱ्याचे संरक्षण काढून घेतल्याशिवाय त्याचे जनावर सुरक्षित आहे हे सिद्ध करता येणार नव्हते. प्रशासनाच्या दृष्टीने हा निर्णय सोपा नव्हता. लस देताना साथ आली तर दोष रोगाचा ठरतो, लस थांबवून साथ आली तर दोष अधिकाऱ्याचा ठरतो. तरीही देशात विभागवार व टप्प्याटप्प्याने लसीकरण थांबविण्यात आले. १९९५ मधील तामिळनाडूतील उद्रेक हा भारतातील अखेरचा ठरला. गावोगावी जाऊन गुरांची पाहणी करण्यात आली आणि तोंड येणे व हगवण अशी लक्षणे जेथे एकत्र दिसत तेथील नमुने तपासले जाऊ लागले.

येथे संख्याशास्त्राचा एक विरोधाभास समजून घेणे आवश्यक आहे. समजा एखादी चाचणी निरोगी जनावराला ९९.५ टक्के वेळा बरोबर ओळखते. ही उत्तम चाचणी म्हणावी लागेल. ती १,००,००० निरोगी जनावरांवर केली तर सुमारे ५०० जनावरे विनाकारण होकारार्थी निघतील. साथ जोरात असताना हे ५०० खऱ्या हजारोंत मिसळून जातात व कोणाला खटकत नाहीत. रोग नाहीसा झाल्यावर मात्र जे होकारार्थी निघतात ते सर्वच्या सर्व खोटे असतात. देश जसजसा रोगमुक्तीच्या जवळ जातो तसतशी तीच चाचणी अधिक फसवी होत जाते.

या फसवणुकीवर उपाय शोधण्याचे काम यंत्रापेक्षा शिस्तीवर अधिक सोपविले गेले. बुळकांडीची स्पर्धात्मक एलायझा चाचणी इंग्लंडमधील पर्ब्राइट येथील संदर्भ प्रयोगशाळेत घडविण्यात आली व अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त विभागाने तिचे एकसारखे संच देशोदेशी पुरविले. प्रत्येक संचात तीव्र होकारार्थी, सौम्य होकारार्थी व नकारार्थी अशी ज्ञात रक्तजले असत. नमुन्यातील प्रतिद्रव्यांमुळे होणारा अवरोध ५० टक्क्यांहून अधिक भरला तर नमुना होकारार्थी धरावयाचा. मात्र त्याआधी ज्ञात रक्तजलांचे आकडे ठरलेल्या मर्यादेत आले पाहिजेत. ते न आल्यास त्या पट्टीवरील सर्व नमुने रद्द. तपासनीसाला स्वतःच्या नजरेने ‘थोडेसे होकारार्थी दिसते’ असे लिहिण्याची मुभा राहिली नाही. शिवाय ऑस्ट्रियातील सिबर्सडॉर्फ येथील प्रयोगशाळेतून उत्तरे गुप्त ठेवलेले नमुने सहभागी प्रयोगशाळांकडे पाठविले जात व त्यांची उत्तरे ताडून पाहिली जात. होकारार्थी निघालेल्या कळपाकडे पुन्हा जायचे, जनावराचे वय पाहायचे, पूर्वी लस टोचली होती का याची विचारणा करायची, नव्याने रक्त घ्यायचे, हेही चाचणीचेच अंग मानले गेले. लसीकरण थांबल्यानंतर जन्मलेल्या वासरांचे रक्त या कामी सर्वांत मोलाचे ठरले.

मे २००४ मध्ये भारताला बुळकांडी रोगातून व मे २००६ मध्ये बुळकांडी संसर्गातून मुक्त म्हणून मान्यता मिळाली. २०११ मध्ये संपूर्ण जग या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. मानवातील देवी रोगानंतर निर्मूलन झालेला हा दुसरा विषाणूजन्य रोग. त्याचे श्रेय लसीला दिले जाते व ते योग्यच आहे. परंतु लस किती दिली याची मोजदाद करून रोग संपल्याचे सिद्ध झाले नाही, ते नकारार्थी नमुन्यांच्या याद्यांनी सिद्ध झाले. अशा याद्या कोणी जपून ठेवीत नाही, इतिहासकारही त्यांच्याकडे वळत नाहीत.

नवापूर, २००६

ज्या वर्षी भारताला बुळकांडीमुक्तीचे अंतिम प्रमाणपत्र मिळाले त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. सुरुवातीला हा राणीखेत रोग असावा असे मानले गेले. राणीखेत हे नावही कुमाऊँतले, १९२८ मध्ये एडवर्ड्स यांनीच दिलेले. लक्षणांवरून राणीखेत व बर्ड फ्लू वेगळे करणे अनुभवी पशुवैद्यकालाही अवघड जाते. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेच्या तपासणीवरून हा एच५एन१ विषाणू असल्याचे जाहीर झाले. तो देशातील बर्ड फ्लूचा पहिलाच उद्रेक होता. परिसरातील लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. येथे प्रश्न चाचणीच्या अचूकतेचा नव्हता. तो मृत्यूंच्या आरंभापासून योग्य प्रयोगशाळेच्या उत्तरापर्यंत गेलेल्या दिवसांचा होता. उत्तर बरोबर असूनही उशिरा येणे, हा विश्वासार्हतेचा वेगळाच घटक नवापूरने पुढे आणला. १८९३ मध्ये डोंगरावर गेलेल्या प्रयोगशाळेची अडचण वेगळ्या रूपात परत आली होती.

यंत्रांच्या काळातील दवाखाना

शहरांतील पशुचिकित्सालयांत आता रक्तपेशी मोजणारी स्वयंचलित यंत्रे सर्रास दिसतात. या यंत्रांचे मूळ तत्त्व वॉलेस कोल्टर यांचे. त्यात बारीक छिद्रातून जाणारी पेशी विद्युतप्रवाहात जो अडथळा आणते त्यावरून तिचा आकार ओळखला जातो. माणसासाठी जुळविलेल्या यंत्राला शेळीचे रक्त दिले तर अडचण उद्भवते. माणसाच्या तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान सुमारे ९० फेम्टोलिटर, शेळीच्या पेशीचे जेमतेम २०. यंत्र त्या पेशींना तांबड्या पेशी म्हणून मोजतच नाही आणि ठणठणीत शेळी कागदावर रक्तक्षयाने मरणासन्न ठरते. मांजराच्या बिंबिका मोठ्या असल्याने त्या तांबड्या पेशींत मिसळतात. कोंबडीच्या तांबड्या पेशीत केंद्रक असल्याने ती यंत्राला पांढरी वाटते. प्राण्याची जात निवडण्याची सोय नसलेल्या यंत्रातून निघालेला छापील कागद सुबक असतो, एवढेच. शंका आल्यास रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून डोळ्यांनी पाहणे हा इव्हान्स यांचाच उपाय आजही करावा लागतो.

बुळकांडीच्या वेळी आलेला पेच सांसर्गिक गर्भपाताच्या, म्हणजे ब्रुसेलोसिसच्या बाबतीत नव्याने उभा राहिला आहे. या रोगाची रोझ बंगाल चाचणी दवाखान्यातही होते. पांढऱ्या पट्टीवर रक्तजलाचा थेंब व रंगीत प्रतिजनाचा थेंब मिसळून चार मिनिटे हलवितात आणि गुठळ्या दिसतात का ते पाहतात. प्रतिजन प्रमाणित असेल तर आंतरराष्ट्रीय प्रमाण रक्तजलाच्या एकास पंचेचाळीस विरलनाला ते गुठळ्या दाखविते व एकास पंचावन्नला दाखवीत नाही. इतक्या अरुंद पट्ट्यात ते बसवावे लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना या रोगाची एस-१९ लस देण्यात येऊ लागली. लहान वयात दिलेल्या लसीची प्रतिद्रव्ये बहुतेक जनावरांत कालांतराने ओसरतात, काहींत मात्र टिकून राहतात आणि रोझ बंगाल चाचणीला ती रोगाच्या प्रतिद्रव्यांसारखीच दिसतात. गाय तीन वर्षांनी गाभडली, तिचे रक्तजल पट्टीवर गुठळले, तर ती रोगी आहे की फक्त लसवंत, हे पट्टी सांगू शकत नाही. ते ठरविण्यासाठी कालवडीच्या कानात लस देताना मारलेला १२ अंकी बिल्ला, त्या क्रमांकापुढे त्याच दिवशी नोंदविलेले तिचे वय आणि लसीची तारीख एवढेच हाताशी असते. बिल्ला गळून पडला असेल किंवा नोंद महिनाअखेरीस एकदम अंदाजाने भरली असेल, तर इज्जतनगरचे सर्वोत्तम प्रतिजनही त्या गायीविषयी काही सांगू शकत नाही.